नर्सिंगच्या अभ्यासात लेक अडली तर...

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला, की आपल्या अहिल्यानगर (म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक विचार पक्का होतो, 'हिला नर्सिंगला घालू या.' लोणीला प्रवरेचं कॉलेज आहे, नगरजवळ विळद घाटात आहे. शिक्षण संपलं, की हाताला काम मिळतं, चार माणसांत मान मिळतो. घरात सगळ्यांना आनंद होतो. पहिले काही महिने बरे जातात आणि मग एके रात्री हॉस्टेलवरून फोन येतो, "आई, मला जमत नाही गं. मी घरी येते."

तो फोन ठेवल्यावर घरात जे बोललं जातं, त्यावर त्या मुलीचं पुढचं आयुष्य ठरतं, बरं का! "हिच्या डोक्यात नाही बसत, तर कशाला पैसे घालवायचे? एखादं बरं स्थळ बघा," असं कुणीतरी म्हणतंच. फी भरलेली असते, वर्ष वाया जाण्याची भीती असते, म्हणून आपणही गप्प बसतो. पण एक सांगू का? बारावी पास होऊन तिथवर पोचलेली मुलगी ढ नसते. बहुतेक वेळा तिची अभ्यासाची रीत चुकलेली असते. आणि रीत सुधारता येते. त्यात आपल्यासारख्या घरी असलेल्या बाईची मदत फार मोठी होऊ शकते, मग आपल्याला इंग्रजी येत असो वा नसो.

आधी पाहा, गाडी कुठे अडली आहे

पेशंट आला, की नर्स आधी त्याची नीट चौकशी करते आणि मग काय करायचं ते ठरवते. आपणही तसंच करू या. "अभ्यास कर, अभ्यास कर" म्हणण्याआधी तिला शांतपणे विचारा, नेमकं काय जड जातंय? पुस्तक इंग्रजी आहे म्हणून वाक्यच कळत नाही? कळतं, पण परीक्षेत आठवत नाही? औषधाच्या मात्रेची गणितं चुकतात? की वॉर्डातली ड्यूटी करून जीव इतका दमतो, की पुस्तक उघडलं की डोळे मिटतात? या चार दुखण्यांना चार वेगळी औषधं आहेत. शिवाय नर्सिंगला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. तेव्हा मार्क कुठे गेले, तेही कागद समोर ठेवून बघा.

जामखेडच्या बायका कशा शिकल्या?

शिकण्याची चांगली रीत पाहायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या साध्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्या बाळंतपण करायला शिकल्या, जुलाबाने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवायला शिकल्या. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या बायका शिकल्या कशा? आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्कामाला राहत, एकत्र जेवत. एका वेळी थोडंच शिकत. चित्रं बघत, प्रत्यक्ष करून बघत, शिकलेलं एकमेकींना सांगत. मग गावी जाऊन तेच करायचं आणि दुसऱ्या बायकांना समजावायचं. पुढच्या खेपेला परत येऊन काय जमलं, काय अडलं ते सांगायचं. म्हणजे थोडं शिका, तोंडाने सांगा, हाताने करा आणि काही दिवसांनी पुन्हा तेच आठवा. तुमच्या लेकीला लेखी पेपरही द्यायचा आहे, तेव्हा तिने यात 'लिहून बघा' एवढं घालायचं, की झाली तिच्या अभ्यासाची रीत!

नुसतं वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे

आपल्या मुली काय करतात? एकच धडा पाच-पाच वेळा वाचतात, पिवळ्या पेनाने सगळं पान रंगवतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपर हातात पडला, की डोकं कोरं! अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघा संशोधकांनी याचाच प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. इतरांना एकदा वाचून, मग न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं, तर त्यांना ४२ टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, नाही का?

म्हणून लेकीला सांगा, एक पान वाच, पुस्तक मीट आणि आठवेल ते कागदावर उतर. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने लिही. लाल दिसेल, तेवढाच खरा अभ्यास बाकी आहे.

आणि इथे तुमचं काम सुरू होतं. ती घरी आली, की संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणा, "हं, आज काय शिकलीस ते मला मराठीत सांग." हृदयातून रक्त कसं फिरतं, मधुमेह्याच्या पायाची काळजी का घ्यायची, हे तिने तुम्हाला समजेल असं सांगायचं. तुम्हाला कळलं नाही, तर बिनधास्त विचारा, "म्हणजे काय गं?" जिथे ती अडखळेल, तिथे तिलाही कळलेलं नाही असं समजा. लेक हॉस्टेलवर असेल, तर फोनवर "जेवलीस का?" विचारून झालं, की दहा मिनिटं हेच करा.

लग्नपत्रिकांचा उपयोग

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर. बिस्किटांचे तीन रिकामे डबे घ्या. पहिल्या डब्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने विचारायची. उत्तर बरोबर आलं, तर कार्ड पुढच्या डब्यात जाईल. चुकलं, की परत पहिल्या! सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन गृहस्थाने १९७२ साली आपल्या पुस्तकात अशीच खोक्याची युक्ती सांगितली होती. प्रश्न विचारायला धाकटा भाऊसुद्धा चालतो.

इंग्रजी शब्दांची भीती

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलींना शब्दांचा धसका असतो. पण वैद्यकातले लांबलचक शब्द म्हणजे जोडलेले डबे असतात. शेवटी 'आयटिस' आलं, की त्या जागी दाह. 'हिपॅट' म्हणजे यकृत, म्हणून हिपॅटायटिस. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, म्हणून नेफ्रायटिस. शेवटी 'एक्टमी' असेल, तर तो भाग कापून काढणं. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. 'टॅकि' म्हणजे जलद, 'ब्रॅडि' म्हणजे मंद. असे तुकडे एका वहीत, पुढे मराठी अर्थ घालून, रोज पाचच लिहायचे. महिन्याला दीडशे होतात! तेवढ्यात पुस्तकातली निम्मी भीती जाते.

गणित स्वयंपाकघरात

डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिलं आहे आणि बाटलीवर छापलंय, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. किती द्यायचं? दुप्पट औषध हवं, म्हणून दुप्पट सिरप, म्हणजे १० मिलिलिटर. एका वाटी डाळीला इतकं पाणी, तर दोन वाट्यांना किती, हेच ते गणित. सलाइनचंही तसंच. ५०० मिलिलिटर बाटली ४ तासांत संपवायची आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब १०,०००, मिनिटं २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. अशी दोन गणितं रोज, पायऱ्या लिहून सोडवायला लावा. आणि उत्तर आल्यावर विचारा, "हे पटण्याजोगं आहे का?" लहान मुलाला पाऊण बाटली सिरप असं उत्तर आलं, तर कुठेतरी दशांशचिन्ह घसरलंय! वॉर्डात अशी चूक जिवावर बेतते, म्हणून ही सवय परीक्षेपेक्षाही मोठी आहे.

हात वळायला हवेत

प्रात्यक्षिकाला घाबरणाऱ्या मुलीला सुट्टीत घरीच सराव करू द्या. साबणाने हात धुण्याची पूर्ण पद्धत ४० ते ६० सेकंदांची असते, ती रोज जेवणाआधी सगळ्या घराला शिकवू द्या. आजोबांची नाडी आणि श्वास मोजू द्या, गादीवर चादर घडी न पडता घालू द्या, तुमच्या हातावर बँडेज बांधू द्या. प्रत्येक पायरी करताना ती का करतोय, हे तोंडाने म्हणायला लावा. परीक्षक तेच विचारतात. इंजेक्शनं आणि औषधं मात्र घरी नाहीत, ती ट्यूटरच्या देखरेखीखालीच.

झोप आणि वेळापत्रक

नाइट ड्यूटी करून आलेल्या मुलीला लगेच पुस्तक घेऊन बसवू नका. आधी आंघोळ, खाणं, झोप. झोपेतच शिकलेलं पक्कं होतं. उठल्यावर पाऊण तास अभ्यास, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पाऊण तास. ड्यूटीवर मधुमेहाचा पेशंट पाहिला असेल, तर त्या दिवशी मधुमेहाचाच धडा घ्यायचा. पाहिलेला पेशंट विसरत नाही, त्याच्या आधाराने धडाही राहतो. न समजलेलं मात्र परीक्षेपर्यंत साठवू नये. त्याच आठवड्यात मॅडमना विचारावं. विचारण्यात कमीपणा कसला?

लग्नानंतर नर्सिंग करणाऱ्या सुनाही हल्ली दिसतात. सासूबाईंनो, परीक्षेच्या महिन्यात सूनबाईला संध्याकाळचे दोन तास मोकळे द्या. "आत्यांनी पोळ्या केल्या, म्हणून मी पास झाले," हे ती जन्मभर सांगेल!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मुलगी सारखी रडते आहे, जेवण-झोप उडाली आहे, जगण्यात अर्थ नाही असं बोलते आहे, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. तिला एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावरही बोलता येतं.

एखादा विषय राहिला, तर तो पुन्हा देता येतो. पण "तुला जमणारच नाही" हे घरच्यांचं वाक्य एकदा मनात रुतलं, की सहजी निघत नाही. तेव्हा पुढचा फोन आला, की "परत ये" किंवा "रडू नकोस" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "कुठला धडा अडलाय? सांग बरं मला, मी ऐकते."