वर्गात नेमकं किती उकडतं? रास्पबेरी पायने ठेवूया नोंद

पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात मार्चपासून दुपारी काय हाल होतात, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पण शाळा व्यवस्थापन समितीपुढे “फार उकडतं हो” म्हणून छपराला पांढरा रंग मिळेलच असं नाही. महिनाभराच्या नोंदी आणि त्यांचा आलेख पुढे ठेवला, तर निदान बोलणं मुद्द्यावर येतं. आणि हे काम आठवीची मुलंसुद्धा करू शकतात.

रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढा संगणक. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून २०१२ मध्ये तो इंग्लंडमध्ये निघाला. त्याला तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडायचा. डीएचटी ११ स्वस्त, पण तापमानात दोन अंश इकडेतिकडे होतो. डीएचटी २२ साधारण अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो. रंगाच्या आधीचा आणि नंतरचा फरक पाहायचा, तर थोडे पैसे जास्त गेले तरी २२च घ्यावा. वायरी तीनच: ३.३ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड. डेटाच्या पिनेवर ५ व्होल्ट गेले तर पाय खराब होऊ शकतो, म्हणून मुलांनी वीज सोडण्याआधी जोडणी एकदा दाखवलीच पाहिजे.

पायथॉनमधला छोटासा प्रोग्रॅम सेन्सर वाचतो आणि फाइलमध्ये एक ओळ लिहितो: तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता. ‘क्रॉन’ला सांगितलं की दर पाच मिनिटांनी तो आपोआप चालतो. दिवसाच्या २८८ ओळी होतात. ही फाइल एक्सेलमध्येही उघडते, त्यामुळे आलेख काढायला वेगळं काही शिकावं लागत नाही.

सेन्सर कुठे ठेवता, याला फार महत्त्व आहे. पाय स्वतः गरम होतो. सेन्सर त्याला चिकटून असेल तर आपण वर्ग नव्हे, संगणक मोजतो. लांब वायर घेऊन तो मुलांच्या डोक्याच्या उंचीला, ऊन आणि भिंत टाळून टांगावा.

लाइट गेली की दुसरी अडचण. बहुतेक पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल, तर वीज परत आल्यावर वेळ मागे राहते आणि दुपारचं तापमान सकाळच्या नावावर पडतं. डीएस ३२३१ हे छोटं घड्याळ जोडलं की हा प्रश्न सुटतो. वीज नव्हती तेवढ्या वेळाच्या नोंदी नसतातच. तिथे आलेखाची रेघ तोडायची, सरळ जोडायची नाही. न मोजलेलं मोजल्यासारखं दाखवायचं नाही, हे मुलांना इथे छान कळतं.

आलेख समोर आला की मुलं विचारतात, “सर, दुपारी आर्द्रता कमी कशी झाली? पाणी गेलं कुठे?” पाणी कुठेच गेलेलं नसतं. सेन्सर सापेक्ष आर्द्रता सांगतो, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे ते. २४ अंशांना ६० टक्के असलेली हवा तेवढ्याच बाष्पासह ३६ अंशांपर्यंत तापली, तर आर्द्रता साधारण ३१ टक्के दिसते. हा धडा पुस्तकातून शिकवताना घाम फुटतो; इथे एक रेघ चढते, दुसरी उतरते आणि मुलं स्वतःच बोट ठेवतात.

पंखा लावल्यावर आलेख मात्र जवळजवळ हलत नाही. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. त्यामुळे पंख्याची मागणी असेल तर या आलेखासोबत दुपारच्या तासाला मुलांना काय वाटतं, तेही वहीत लिहून घ्यावं लागेल.