जखम भरून येण्याचे दिवस : त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर

त्वचेच्या कर्करोगासंबंधीचे वैद्यकीय लेखन बहुतांशी दोनच प्रश्नांभोवती फिरते : गाठ पूर्ण निघाली का, आणि ती पुन्हा उद्भवली का. हे प्रश्न अर्थातच मोलाचे आहेत. परंतु ज्याच्या नाकावरून, पापणीवरून किंवा कानावरून हा रोग काढला जातो, त्याच्या दृष्टीने शस्त्रक्रिया काही तासांत संपते आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालणारा जखम भरण्याचा काळ हाच आजाराचा खरा अनुभव ठरतो. या काळात काय दिसते, काय दुखते, काय बधिर होते आणि त्यांपैकी किती गोष्टी स्वाभाविक असतात, हे रुग्णाला आधी सांगितलेले नसेल तर नीट भरत असलेल्या जखमेचीही तो धास्ती घेतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा काळच आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा अठराव्या शतकातल्या पुण्यापर्यंत पोहोचतो.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींसारख्या पेशींचा बेसल सेल कार्सिनोमा हा जगात सर्वाधिक आढळणारा. तो सावकाश वाढतो, शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो, परंतु दुर्लक्ष झाल्यास आजूबाजूची त्वचा, कूर्चा आणि हाडदेखील पोखरतो. वरच्या थरातील चपट्या पेशींचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकतो, तर रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा मेलानोमा संख्येने कमी असला तरी सर्वांत घातक असतो. गोऱ्या वर्णाच्या लोकसंख्येत उन्हातील अतिनील किरण हे पहिल्या दोहोंचे प्रमुख कारण असून एकट्या अमेरिकेत त्यांचे दरवर्षी पन्नास लाखांहून अधिक व्रण आढळतात. भारतीय त्वचेला रंगद्रव्याचे संरक्षण असल्यामुळे येथील एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पण भारतीयांमधला बेसल सेल कार्सिनोमा पुष्कळदा काळसर असल्याने तो तीळ किंवा चामखीळ समजला जातो आणि रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतो.

चेहऱ्यावरील अशा व्रणासाठी आज सर्वांत खात्रीची मानली जाणारी शस्त्रक्रिया अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे फ्रेडरिक मोस यांच्या नावाने ओळखली जाते. झिंक क्लोराइड लावलेली पेशीजाले मृत होतात, परंतु त्यांची सूक्ष्म रचना जशीच्या तशी टिकते, हे मोस यांच्या विद्यार्थिदशेतच लक्षात आले होते. १९३६ पासून त्यांनी या रसायनाचा लेप लावून कर्करोग थराथराने काढण्यास आरंभ केला आणि १९४१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिचे तर्कशास्त्र सरळ होते : काढलेल्या प्रत्येक थराचा नकाशा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कड आणि तळ संपूर्ण तपासायचा, आणि जिथे रोग शिल्लक दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा जायचे. रुग्णासाठी मात्र ती उपचारपद्धती कष्टाची होती, कारण लेपाने आग होई, एका थरासाठी जवळजवळ एक दिवस थांबावे लागे आणि उपचार अनेक दिवस लांबत. लेपाशिवाय, केवळ भूल देऊन ताजा थर काढण्याचा प्रयोग मोस यांनी १९५३ मध्ये पापणीवरील एका व्रणावर केला. पुढे १९७४ मध्ये थिओडोर ट्रोमोविच आणि सॅम्युअल स्टेगमन यांनी या ताज्या पेशीजालाच्या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले आणि तीच सर्वत्र रूढ झाली.

आजच्या पद्धतीत रुग्ण पूर्ण जागा असतो. लिग्नोकेन आणि रक्तस्राव रोखणारे अ‍ॅड्रेनलिन यांच्या इंजेक्शनची झिणझिण, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर, बहुतेकांच्या लक्षात राहते. त्यानंतर दुखत नाही, केवळ दाब जाणवतो आणि रक्तवाहिन्या विजेने डागतानाचा जळका वास येतो. पहिला थर निघाला की जखमेवर पट्टी बांधून रुग्णाला बाहेर बसवतात, आणि तेवढ्या वेळात प्रयोगशाळेत त्या थराच्या कडांना वेगवेगळे रंग लावून, तो गोठवून, त्याचे पातळ काप तपासले जातात. नेहमीच्या तपासणीत पावाच्या चकत्यांप्रमाणे उभे काप घेत असल्याने कडेचा एक टक्काही भाग प्रत्यक्ष पाहिला जात नाही. मोस पद्धतीत काप आडवे आणि सबंध कडेचे असतात, म्हणूनच पहिल्यांदा उद्भवलेल्या बेसल सेल कार्सिनोमात पाच वर्षांनंतरही रोग न उलटण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्के सांगितले जाते, तर साध्या छेदनानंतर ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. मात्र प्रत्येक फेरीला तास-दीड तास लागतो, फेऱ्या किती होतील हे कोणालाच आधी सांगता येत नाही, आणि सुरीपेक्षा ही वाट पाहणेच जड गेल्याचे रुग्ण वारंवार सांगतात. भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. बहुतेक रुग्णालयांत गाठीभोवतीची काही मिलिमीटर निरोगी त्वचा धरून छेद घेतला जातो आणि कडांचा अहवाल काही दिवसांनी येतो, म्हणजे वाट पाहणे येथेही चुकत नाही, फक्त ते घरी होते.

यानंतरचा क्षण आरशाचा. मसुराएवढ्या दिसणाऱ्या व्रणाच्या जागी त्याच्या कितीतरी पट मोठा खड्डा पाहून रुग्ण हादरतो, कारण या रोगाच्या शाखा त्वचेखाली न दिसता पसरलेल्या असतात आणि डोळ्यांना दिसतो तो त्यांचा थोडासाच भाग. हा खड्डा बुजवण्याचे मार्ग जागेनुसार ठरतात. छोटी जखम टाके घालून मिटते. डोळ्याचा आतला कोपरा, कानशील, कानाची खोलगट बाजू अशा अंतर्वक्र जागी पुष्कळदा काहीच न शिवता जखम आपोआप भरू देतात आणि तिचा वण आश्चर्य वाटावे इतका चांगला येतो. मोस यांच्या लेपाच्या काळात बहुतेक जखमा अशाच भरत, त्यामुळे या शहाणपणाचा पाया तेव्हाच घातला गेला.

उघडी जखम भरताना प्रथम तळातून लाल, दाणेदार मांस वर येते, मग जखम आकसते आणि शेवटी कडांपासून नवी त्वचा मध्याकडे सरकते. या काळात जखमेवर पिवळसर साय धरते ती पुष्कळदा पू नसून रक्तातील फायब्रिन या प्रथिनाचा थर असते, आणि हे न सांगितल्यामुळे कित्येक रुग्ण ती खरवडून काढतात व नवी त्वचाच दुखावतात. वाढती वेदना, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी आणि ताप ही जंतुसंसर्गाची चिन्हे वेगळी. जखमेला हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी हा घरोघरचा सल्लाही येथे उपयोगाचा नाही : १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की झाकलेल्या, ओलसर जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने येते, कारण कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते. साधी पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ पट्टी यांवर आज भर दिला जातो तो यामुळेच.

त्वचारोपणात, म्हणजे कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची त्वचा पूर्ण जाडीने काढून जखमेवर बसवताना, भीतीचे निमित्त आणखी वेगळे असते. रोपलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतील द्रवावर जगतो आणि नंतर खालच्या रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात. आठवड्याने वरचा बांधलेला बोळा निघतो तेव्हा तो तुकडा जांभळा, कधी काळपट दिसतो, आणि आपली त्वचा सडली असे रुग्णाला वाटते. वास्तविक बहुतेक वेळा ती जिवंत असते आणि पुढच्या काही आठवड्यांत गुलाबी होत जाते. धूम्रपान मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवून हे जोडकाम बिघडवते, ही सूचना शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे आणि ठामपणे द्यायला हवी.

नाकाचा मोठा भाग गेला तर त्वचारोपण पुरत नाही आणि कपाळाच्या फ्लॅपची गरज पडते. फ्लॅप म्हणजे मूळ रक्तवाहिनीशी जोडलेला ठेवून फिरवलेला त्वचेचा तुकडा. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या धमनीच्या आधाराने कपाळाची पट्टी उचलून नाकावर बसवतात, गरज असल्यास कानाची कूर्चा आधाराला घालतात, आणि सुमारे तीन आठवड्यांनी, नाकावरच्या त्वचेला स्थानिक रक्तपुरवठा मिळाला की, मधला देठ कापतात.

या पद्धतीचा जगापुढे आलेला पहिला सविस्तर वृत्तांत पुण्याजवळचा आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात आलेल्या पत्रानुसार, इंग्रजी सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या, वीटकामाशी निगडित जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मराठी लेखनात या शल्यकर्त्याचा उल्लेख बहुधा कुंभार असा येतो, परंतु त्याचे नाव त्या पत्रात नाही. सोबतचे चित्र, सवाई माधवरावांचे चित्र रंगवणारा जेम्स वेल्स याच्या चित्रावरून केलेले होते.

वृत्तांतातील तपशील आजच्या वाचकालाही थक्क करतात. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून नाकाचा आकार घेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. त्या रेघेवर कातडी सोडवताना दोन्ही डोळ्यांच्या मधला देठ राखला आणि रक्त फिरते ठेवले. सांध्यावर पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस दुसरे काहीही लावले नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली कापडे ठेवली. रुग्णाला पाच-सहा दिवस पाठीवर निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. आधुनिक शस्त्रक्रियेतील तीन आठवडे आणि हे पंचवीस दिवस यांतील जवळीक योगायोगाची नाही, कारण दोन्हींचा हिशेब रक्तवाहिन्या रुजण्याच्या वेळेवर बांधलेला आहे. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा वापरण्याचे वर्णन आहे; कपाळाचे हे कौशल्य पुढे कारागिरांच्या परंपरेत टिकले, आणि त्या अनामिक माणसाला त्याचे श्रेय नावानिशी मिळाले नाही ही खरोखर खंत करण्यासारखी गोष्ट आहे. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती युरोपात रुजली.

कावसजीला काय वाटले हे कोणी लिहून ठेवले नाही. आजच्या रुग्णांचे अनुभव मात्र नोंदवले जातात. देठ कापेपर्यंतचे तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत मांसाची जाड वळी लोंबत असते. पहिल्या एक-दोन दिवसांत ती पाझरते, चष्मा बसत नाही, डोळ्यांभोवती सूज उतरून ते काळेनिळे होतात, आणि रुग्ण दाराबाहेर पडायचे टाळतो. नाकाला स्पर्श केला तर तो कपाळावर जाणवतो, कारण फ्लॅपच्या नसा अजून कपाळाच्याच असतात. कपाळ बुटके असल्यास टाळूचे केस नाकावर उगवतात आणि ते नंतर काढावे लागतात. कपाळापासून माथ्यापर्यंतचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. वणाचेही तसेच आहे : तीन आठवड्यांच्या वणात मूळ त्वचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढीच ताकद असते, तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, आणि लाल, टणक वण मऊ व फिकट होण्यास वर्षही लागते. ही मुदत ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्याच महिन्यात आपला चेहरा कायमचा बिघडला असे धरून चालतो. अमेरिकेत जॉन ऱ्ही आणि सहकाऱ्यांनी ‘स्किन कॅन्सर इंडेक्स’ ही पंधरा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तिच्यात काळजी, लोकांत वावरणे आणि दिसणे यांचीच विचारणा आहे. गाठ निघाली एवढ्याने माणूस बरा झाला असे धरता येत नाही, याची ही उशिरा आलेली कबुली होय.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती उन्हाशी निगडित नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील व्ही. आर. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीयांच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर लेख प्रसिद्ध केला, त्यात धोतर कमरेला घट्ट बांधल्याने होणाऱ्या कर्करोगाची नोंद होती. पुढे मुंबईतील डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्ये तेच पाहिले. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली की त्वचा काळवंडते किंवा पांढरी पडते, सोलवटते, चिरते. घाम आणि घर्षण यांमुळे ती जखम भरत नाही, आणि कित्येक दशकांनी तिथे कर्करोग धरतो. जुनाट जखमेत किंवा भाजल्याच्या वणात उद्भवणाऱ्या अशा कर्करोगाला मार्जोलिन व्रण म्हणतात. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वृद्ध स्त्रियांची माहिती दिली, एकीची कमरेवरची जखम दीड वर्ष, तर दुसरीची दोन वर्षे भरत नव्हती, आणि परकराशिवाय लुगडे घट्ट नेसणाऱ्या दुसरीच्या जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत रोग पोहोचला होता.

चेहऱ्यावरचा व्रण लोक पाहतात म्हणून लवकर दाखवला जातो. कमरेवरचा कपड्याखाली राहतो, लाजेने सांगितला जात नाही, हळद किंवा मलम लावून महिने जातात. छेद घेतल्यानंतर मांडीची पातळ त्वचा काढून लावावी लागली, तर मूळ जागेपेक्षा मांडीवरची सालटी निघालेली जागाच अधिक झोंबते, कारण तिथे मज्जातंतूंची टोके उघडी पडलेली असतात. कंबर ही वाकताना, उठताना, बसताना ताणली जाणारी जागा असल्याने पहिले काही आठवडे चुलीपाशी वाकणे, घागर उचलणे, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणे थांबवावे लागते, आणि शेतमजूर किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीला ही विश्रांती सहज मिळत नाही. नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक वापरणे, परकर सैल बांधणे आणि बांधण्याची जागा बदलत राहणे एवढ्याने घर्षण पुष्कळ कमी होते. साठ वर्षे एकाच पद्धतीने नेसलेल्या स्त्रीच्या गळी हे उतरवण्यासाठी सुनेला किंवा लेकीला समोर बसवून, कात्री-सुई हातात देऊन दाखवणे कागदावरच्या सूचनेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गोऱ्या लोकसमूहांतील अभ्यासांनुसार एकदा बेसल सेल कार्सिनोमा झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिकांना पुढील काही वर्षांत दुसरा होतो, म्हणून त्यांना वण तपासण्याबरोबर सबंध त्वचा पाहायला शिकवले जाते. मार्जोलिन व्रणाच्या रुग्णाने वणाची कड, भोवतीची त्वचा आणि जांघेतील किंवा काखेतील गाठी दर महिन्याला बोटांनी चाचपायच्या असतात, आणि वणात नवा टणकपणा, न भरणारी चीर किंवा पुन्हा येणारे रक्त दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जायचे असते.