बाळाचे नाव काय ठेवावे?

गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, चाळीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला. नाव काय ठेवायचे?

घरात मोठी माणसे चार आणि मते पाच. पुतण्याने मोबाइलवर नावांची यादीच काढून ठेवली होती. नावे कानाला गोड, पण अर्थ विचारला तर त्यालाही सांगता येईना. आमचे थोरले बंधू म्हणजे बाळाचे आजोबा. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "नातवाचे नाव आपल्या धम्मातलेच हवे." वहिनींनीही मान डोलावली. पुतण्या थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बाबा, मी भाड्याची खोली शोधत होतो तेव्हाचे तुम्हाला सांगितले नाही. नाव विचारले, आडनाव विचारले आणि खोली लगेच दुसऱ्याला दिलेली निघाली. पोराच्या नावावरूनही लोकांना कळायलाच हवे का?"

यावर कोणालाच काही बोलता येईना. हा प्रश्न आमच्या पुतण्याचा एकट्याचा नाही. आपल्या अनेक घरांत पाळण्याशी उभे राहून आई-बाप हाच विचार करतात, पण मोठ्याने बोलत नाहीत. म्हणून त्यावर इथे मोकळेपणाने लिहावे असे वाटले.

नाव ठेवण्याचा हक्क

नावाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बाळाची नावे कशी असावीत याचा नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव मात्र किळस यावी असे असावे. मूल पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकायची, हा त्यातला हेतू. ही मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाहीरपणे जाळली.

आपल्या आजे-पणज्यांची नावे आठवून पाहा. कचरू, धोंडू, दगडू, भिकाजी, उकिर्डा. मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठीही अशी नावे ठेवत आणि ही चाल इतर जातींतही होती, हे खरे. पण आपल्याकडे चांगले नाव ठेवले तरी ते गावात टिकत नसे. गणपत ठेवले की गाव त्याला गणप्या म्हणे, आणि म्हातारा झाला तरी तो गणप्याच राही. आमच्या आजोबांचे नाव वरच्या नावांपैकीच एक होते. ते गिरणीत लागले. पगाराच्या दिवशी खिडकीवरचा कारकून त्यांचे नाव मुद्दाम दोनदा पुकारी आणि रांगेतली माणसे हसत. आजोबांनी आपल्या मुलांची नावे ठेवताना आधी अर्थ विचारून घेतला, तो यामुळेच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद जन्माला येऊ लागले. नाव ठेवण्याचा हक्क आपण आपल्या हाती घेतला.

बाबासाहेबांनी ठेवलेली नावे

बाबासाहेब नाव ठेवताना किती विचार करीत ते पाहण्यासारखे आहे. दादरच्या घराला त्यांनी नाव दिले राजगृह. ही मगधाची राजधानी. छापखान्याचे नाव बुद्धभूषण. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढले ते सिद्धार्थ. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कॉलेजला मिलिंद आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, अवघड प्रश्न विचारणारा. नागसेन हे त्याला उत्तरे देणारे भिक्खू. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा अशी दोघांची नावे विद्येच्या आवारात एकत्र आली. याहून चांगली नावे शाळा-कॉलेजांना कोणती मिळणार?

आणि त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या माणसांनी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लढा दिला, घरे जळालेली पाहिली, जीव गमावले. नावात काय आहे, असे आपल्याला कोणी विचारू नये.

नावाने माणूस मोठा होतो का?

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जातकात एक कथा आहे. तक्षशिलेला एका आचार्यांकडे पापक नावाचा शिष्य होता. आपले नाव अशुभ आहे, ते बदलून द्या, असे त्याने आचार्यांना सांगितले. आचार्य म्हणाले, "फिरून ये आणि चांगले नाव शोधून आण." तो निघाला. एका गावात प्रेतयात्रा दिसली. मेलेल्याचे नाव होते जीवक. पुढे एका दासीला मालक मारत होता, कारण तिने मजुरीचे पैसे आणले नव्हते. तिचे नाव धनपाली. आणखी पुढे एक माणूस वाट चुकून भटकत होता. त्याचे नाव पंथक. पापक परत आला आणि म्हणाला, "मला माझे नाव पुरे आहे."

म्हणजे नाव ही ओळखीची खूण आहे, ताईत नव्हे. सिद्धार्थ नाव ठेवून मुलाला शाळेत पाठवले नाही तर नावाचा काय उपयोग? म्हणूनच नावरास, पत्रिका, अमुक अक्षर शुभ या फंदात आपण पडू नये. मुलाचे भले अक्षराने होत नाही, शिक्षणाने आणि शीलाने होते.

मनूचा नियम आणि जातकाची गोष्ट एकत्र ठेवली की आपला रस्ता सापडतो. नावाने माणूस घडत नाही, पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय आहे ते नावातून कळते.

काही नावे, त्यांचे अर्थ

आमच्या पसंतीची काही नावे देत आहोत.

राहुल – सिद्धार्थ गौतमाचे पुत्र. नावाचा अर्थ 'बंधन' असा सांगतात, पण ते शिकण्याची आवड असणाऱ्या भिक्खूंत अग्रगण्य झाले. केदारनाथ पांडे यांनी १९३० साली श्रीलंकेत भिक्खू होताना हेच नाव घेतले आणि ते राहुल सांकृत्यायन झाले.

आनंद – तथागतांची पंचवीस वर्षे सेवा करणारे. स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून रदबदली केली ती यांनीच.

उपाली – शाक्यांचे नाभिक. पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्यांना मिळाला.

जीवक – राजगृहाचे प्रसिद्ध वैद्य. जन्मताच टाकून दिलेले हे बाळ जिवंत सापडले, म्हणून जीवक.

यश – वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा, सुरुवातीच्या भिक्खूंपैकी एक.

महेंद्र – सम्राट अशोकाचे पुत्र, श्रीलंकेत धम्म नेणारे.

अश्वघोष – बुद्धचरित लिहिणारे महाकवी.

सुनीत – यांच्याविषयी पुढे.

नोंदीचे काम

नाव ठरले की कागद नीट करा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरले नसेल तर ते वर्षाच्या आत विनाशुल्क चढवता येते, नंतर शुल्क पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशासह अनेक कामांत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. इंग्रजी अक्षरे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तीच लिहा. एका अक्षराच्या चुकीपायी पुढे राजपत्रापर्यंत धावावे लागते.

शेवटी नाव ठरले

आता आमच्या घरचे सांगतो. चार दिवस नाव ठरेना. पाचव्या दिवशी सून बोलली. बाळंतपणाला येताना तिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' सोबत आणले होते. ती म्हणाली, "सुनीत कसे वाटते? म्हणायला सोपे आहे. शाळेत बाईंनाही नीट म्हणता येईल."

पुतण्याला नाव आवडले. "अर्थ काय?" त्याने विचारले.

"चांगल्या वाटेने नेलेला, चांगल्या वर्तणुकीचा," ती म्हणाली आणि तिने गोष्ट सांगितली. सुनीत राजगृहात रस्ते झाडीत असे. एके दिवशी भगवान बुद्ध संघासह त्याच रस्त्याने आले. सुनीत संकोचाने बाजूला सरला, हात जोडून उभा राहिला. भगवंत त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी बोलले आणि त्याला संघात घेतले. पुढे थोर माणसे त्याला वंदन करू लागली.

थोरले बंधू ऐकत होते. त्यांनी तीस वर्षे सफाई कामगार म्हणून मुंबईचे रस्ते झाडले. आम्हाला वाटले, हे नाव त्यांना लागेल. ते सुनेला म्हणाले, "पोरी, पुन्हा एकदा सांग." तिने पुन्हा सांगितले. मग ते मुलाकडे वळले. "तू म्हणतोस, नावावरून लोकांना कळेल. मी झाडू मारताना कोणापुढे मान खाली घातली नाही. ज्यांना खोली द्यायची नाही ते आडनाव विचारणारच. पण पोराने स्वतःचे नाव सांगताना घाबरायचे, हे आपण त्याला शिकवायचे का?"

पुतण्या काही बोलला नाही. त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि बाळाला मांडीवर घेतले.

रविवारी नामकरण झाले. बुद्ध-भीमांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावल्या, बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, चाळीतल्या मुलांना वह्या वाटल्या. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. सगळे टाळ्या वाजवत असताना थोरले बंधू पाळण्याजवळ गेले आणि मोठ्याने म्हणाले, "सुनीतराव, जयभीम!"