होस्टेलला नंबर लागला का?

दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे व्हायला लागतात. भात झोडून झालेलं असतं, नागली-वरई कणगीत पडलेली असते, आणि कणगीत आहे ते शिमग्यापर्यंतसुद्धा पुरणार नाही हे घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. मुकादमाची उचल तर बऱ्याचदा पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. मग भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत चढतात आणि कुटुंब भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातं. मागे उरतं कारवीच्या कुडाचं घर आणि ते सांभाळणारी एखादी म्हातारी.

बेघर तरुण म्हटलं की आपल्याला रेल्वेचा फलाट आठवतो, नाहीतर उड्डाणपुलाखालची झोपलेली रांग. या दोन तालुक्यांत पोराला कुणी घराबाहेर काढत नाही. इथे अख्खं घरच दरसाल बाहेर पडतं. भट्टीवर कच्च्या विटांच्या चार बुटक्या भिंती आणि वर गवत किंवा प्लास्टिक, अशा भोंग्यात संसार मांडला जातो. आईबाप पहाटेच्या अंधारात गारा तुडवून विटा थापायला बसतात, लहानगी वाळत घातलेल्या विटा पलटी मारतात. पहिल्या वर्षी मूल वर्गातून चार-पाच महिने गायब होतं. दुसऱ्या वर्षी परत आल्यावर त्याला मागे बसायची लाज वाटते. तिसऱ्या वर्षी ते येतच नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी हाच पोरगा स्वतःच्या नावावर उचल घेतो. भट्टीचा हिशेब जोडीचा असल्यामुळे लग्नही लवकर उरकतं, आणि मग आणखी एक बिऱ्हाड तयार होतं.

उचलीचं ओझं कुठवर नेऊ शकतं हे 2021 साली मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी बापाच्या आत्महत्येने दाखवून दिलं. मुलाच्या अंत्यविधीच्या कापडासाठी घेतलेले 500 रुपये फेडायला त्याला वेठीला धरल्याची तक्रार नोंदली गेली. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे. त्या आत्महत्येच्या पुढच्याच वर्षी कातकऱ्यांची लहान मुलं मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यात दिली गेल्याची प्रकरणं इगतपुरीकडे उघडकीला आली. ही मुलं फलाटावर नव्हती म्हणून त्यांना कुणी बेघर म्हटलं नाही, एवढंच.

या घसरणीला अडवणारी जी संस्था इथे आहे, तिच्या पाटीवर बेघर हा शब्द कुठेच नसतो. लोक तिला होस्टेल म्हणतात. तिची रूपं वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येक रूप त्या-त्या काळाच्या अडचणीतून आलेलं आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खात होती, आळीपाळीने कामं करत होती. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये खेड्यातून शहरात आलेल्या कामगार तरुणांसाठी अशीच निवासगृहं उभी राहिली, आणि नव्वदच्या दशकात ब्रिटनने ती उचलली. अट साधी : झोपायला जागा देऊ, पण तू काहीतरी शिकत राहा. साताऱ्यात ही अट कागदावर लिहायची गरजच पडली नव्हती.

वसईच्या भट्ट्यांवर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वेगळी वाट काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा भोंग्यात न्यायची. भोंगाशाळा हे तिचं नाव आजही त्या पट्ट्यात ओळखीचं आहे. वेठबिगारीविरुद्धच्या कामासाठी या दांपत्याला 1999 साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः त्यांच्याच श्रमजीवी संघटनेच्या लढ्याबद्दल. मला मात्र त्यांच्या कामातली भोंगाशाळाच जास्त धीट वाटते. मालकाच्या आवारात फळा टांगायला मोर्च्यापेक्षा वेगळी छाती लागते. तिची मर्यादाही उघड आहे. भट्टी विझली की शाळा संपते, आणि गावच्या हजेरीपटाशी तिचा धागा जुळतोच असं नाही.

सरकारचं हंगामी वसतिगृह नेमकं उलट करतं : आईबाप जाऊ देत, मूल गावातच राहू दे. शाळा व्यवस्थापन समितीने सहा महिने सकाळ-संध्याकाळचं जेवण शिजवायचं, दुपारी शालेय पोषण आहार आहेच. झोपायला बरीचशी मुलं आजीकडे जातात. वसतिगृह हा शब्द ऐकून इमारत शोधायला गेलात तर पुष्कळदा शाळेचीच एक खोली आणि बाहेर चूल एवढंच दिसेल. पण योजनेचा जीव त्या आजीत आहे. ती धडधाकट असेल तर मूल टिकतं, नसेल तर नोव्हेंबरातच टेम्पोत चढतं. अनुदान उशिरा आलं तर चूल पेटत नाही, आणि टेम्पो कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यात मोठा पसारा आश्रमशाळांचा. आदिवासी विकास विभागाच्या जव्हार प्रकल्प कार्यालयाखाली त्या चालतात, आणि हजारो घरांतली पोरं पहिली-दुसरीपासून तिथेच वाढतात. पोराची खरी इस्टेट म्हणजे कुलूप लावलेली पत्र्याची पेटी : दोन कपडे, साबण, वही, घरून आणलेलं काहीतरी खाऊचं. या शाळांचं कौतुक करताना जीभ चाचरावी असंही खूप घडलं आहे. मुलं आजाराने, सर्पदंशाने दगावत राहिली, म्हणून डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली आणि तिने 2016 साली अहवाल दिला. जिथे मूल रात्री तापाने फणफणलं तर दवाखान्यात न्यायला गाडी नाही, त्याला निवारा म्हणायचं का, हा प्रश्न आहेच.

तरीही मूल तिथे टिकतं, आणि त्याचं श्रेय अधीक्षकांपेक्षा मोठ्या पोरांना द्यावं असं मला वाटतं. पहिलीतलं पोर रात्री रडतं तेव्हा त्याला आपल्या अंथरुणात घेणारा सातवीतला भाऊ असतो, सख्खा नाहीतर पाड्यावरचा. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशी पोरं एका खोलीत राहतात. मास्तरची पुस्तकी मराठी पहिल्या वर्षी नीट कळत नाही, तेव्हा वरच्या वर्गातली पोरंच दुभाषी होतात. कातकऱ्याचं पोर मात्र इथेही सगळ्यात आधी गळतं. त्याच्या पाड्यावरून आधी कुणी आलेलंच नसतं, त्यामुळे त्याला अंथरुणात घेणारं कुणी नसतं. पटावरचे आकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं. एका पाड्यावरचा पहिला पोरगा टिकवणं हेच सगळ्यात अवघड काम.

खरी कसोटी दहावी-बारावीनंतर लागते. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आश्रमशाळा बारावीला. त्यापुढे पालघर, ठाणे, नाशिक, मुंबई इथली आदिवासी मुलामुलींची शासकीय वसतिगृहं. जागा ठराविक, अर्ज ऑनलाइन, यादी गुणांनुसार. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, बँकेचं पासबुक. डोंगरातल्या पाड्यावरून हे सगळं गोळा करताना नेटवर्क शोधत टेकाडावर चढावं लागतं. आणि कॉलेज सुरू झालं तरी वसतिगृहाची यादी लागलेली नसते.

याच मधल्या आठवड्यांत पोरगं खरोखर बेघर असतं. बॅग आहे, प्रवेशाची पावती आहे, रात्रीची जागा नाही. गावाकडच्या कुणी त्याला विचारलं तर पहिला प्रश्न कॉलेजचा नसतोच, 'होस्टेलला नंबर लागला का?' हा असतो. तेव्हा त्याला वाचवतो एखादा सिनियर. आपल्या कॉटशेजारी जमिनीवर सतरंजी टाकतो, मेसमधलं ताट दोघांत होतं. अशा नोंद नसलेल्या पाहुण्याला महाराष्ट्रातल्या होस्टेलांत सर्रास पॅरासाईट म्हणतात. गृहपाल फेरीवर आले की तो गच्चीवर. नियमाने हा गुन्हा आहे. पण कितीतरी पहिल्या पिढीच्या पदव्या या सतरंजीवर झालेल्या आहेत, आणि आज शिक्षक, नर्स, तलाठी झालेल्यांना विचारलं तर ते हसत कबूल करतात. सिनियर निव्वळ जागा देत नाही. कुठला सायबरवाला फॉर्म नीट भरतो, कुठली शिष्यवृत्ती कधी अडकते, कुठल्या साहेबाला कुठल्या वारी गाठायचं, हे सगळं त्याच्याकडून मिळतं. आदिवासी युवा शक्ती म्हणजे आयुशसारखी मंडळं हाच व्यवहार जरा मोठ्या वर्तुळात करतात.

ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्यासाठी 2016 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये थेट खात्यात, म्हणजे जेवण, खोली, वह्या सगळं मिळून महिन्याला 5,000. हप्ता उशिरा येतो, घरमालक डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी मागतो. वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसेही खात्यात टाकायचं 2018 साली ठरलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले. शहरातल्या पुष्कळांना कळेना की पोरं पैसे मिळत असताना कशाला चिडली. पैसे घरी पाठवले जातात, भाऊ आजारी पडला की संपतात. ताट पाठवता येत नाही. एकत्र मेस मोडली की रोज रात्री एकमेकांची चौकशी करणारी पंगतही मोडते.

या सगळ्याच्या मुळाशी काम आहे, आणि पाणी. इथे धो धो पाऊस पडतो. मोखाड्याच्या हद्दीत 2014 साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवतं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. रब्बीला पाणी असतं तर टेम्पो निम्मे तरी परत गेले असते. वयम् चळवळीने जव्हार भागात लोकांना नमुना 4 भरून रोजगार हमीचं काम लेखी मागायला शिकवलं. ज्या पाड्यावर दिवाळीनंतर काम निघतं आणि मजुरी वेळेवर येते, तिथली पोरं वर्गात दिसतात. त्यासाठी वेगळी शिक्षण मोहीम लागत नाही. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये हा भाग बातम्यांत आला, आणि तेव्हापासून कुपोषण या एकाच शब्दात मांडला जातो. भुकेल्या बाळाचा फोटो छापला जातो, भट्टीवर गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा नाही.

मोठ्या गोष्टी होतील तेव्हा होतील. एक लहान गोष्ट मात्र प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत बसण्यासारखी आहे. प्रत्येक शासकीय वसतिगृहात जूनपासून यादी लागेपर्यंत काही कॉट राखून ठेवाव्यात, कॉलेज प्रवेशाची पावती दाखवली की मिळतील अशा. सिनियरच्या जबाबदारीवर राहणाऱ्या पाहुण्याचं नाव रजिस्टरला लिहावं आणि मेसमध्ये त्याचं ताट धरावं. नाहीतरी तो तिथे राहतोच आहे.