ताई अजून पाच वर्षांचीच आहे

 

आजचा भाग मी माढ्यातून, माझ्या माहेरच्या माडीवरून रेकॉर्ड केलाय. मधेच कोंबडा आरवेल, मधेच ऊस भरलेला ट्रॅक्टर जाईल. ते आवाज मुद्दाम काढले नाहीत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना घसरलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

ज्यांना अजून मुलंबाळं नाहीत त्यांनी लगेच पुढचा भाग लावू नका. तुम्ही तुमच्या घरातली ताई किंवा दादा असाल, तर हा भाग तुमच्याबद्दलसुद्धा आहे.

आजोळचे दहा दिवस

पुण्यात पोरीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली. मी थोडी रजा आणि थोडं वर्क फ्रॉम होम असं जुळवलं आणि हुतात्मा एक्सप्रेसनं दोन्ही पोरांना घेऊन कुर्डुवाडीला उतरले. तिथून माढा जवळच. स्टेशनवर मामा गाडी घेऊन हजर होता.

पोरगी पाच वर्षांची, पोरगा दोनचा. पॉडकास्टवर पोरांची नावं घ्यायची नाहीत असं आमचं घरात ठरलंय. म्हणून थोरली आणि धाकटा.

गंमत म्हणजे घरात तरी तिचं नाव कोण घेतंय? धाकटा झाला त्या दिवसापासून ती सगळ्यांची "ताई" झाली. आज्जी ताई म्हणते, आबा ताई म्हणतात, मीसुद्धा म्हणते. बाळाला सवय लागावी म्हणून आपण म्हणायला लागतो आणि मग तेच नाव होऊन बसतं. पण ताई हे नुसतं नाव नाही. त्याच्यासोबत काम येतं. "ताई, त्याला दे ते खेळणं." "ताई, तू मोठी आहेस ना?" तीन वर्षांची असताना मोठी झाली बिचारी.

ती सकाळ

डिसेंबरात माढ्यात दुपारी ऊन चटकतं, पण सकाळी गारठा असतो. न्हाणीजवळ तांब्याचा बंब पेटवलेला, खाली तुराट्यांचं जळण. दोन्ही पोरं शेकायला तिथंच. मी बादलीत कढत पाणी काढलं. विसणायला गार पाणी घ्यायचं, तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा. काहीतरी बंद पडलं होतं.

मी म्हणाले, "ताई, भावाकडे बघ गं जरा." आणि फोन घेऊन सोप्यात गेले. दोन मिनिटं. फार तर तीन.

तेवढ्यात शेजारच्या शेळीची दोन करडं उड्या मारत अंगणात आली. थोरलीनं मान वळवली. धाकट्यानं बादलीत हात घातला.

ती किंकाळी मी फोनवर बोलता बोलता ऐकली. पळत आले. मनगटापर्यंत हात लालभडक. आई टूथपेस्ट घेऊन धावली. मी हात तसाच नळाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. नंतर डॉक्टरांकडे नेलं. वरवरचं भाजलं होतं, एक फोड आला. आठवडाभरात हात बरा झाला.

पण मला सांगायचंय ते पुढचंच. हात नळाखाली धरलेला असताना मी थोरलीवर ओरडले, "तुला सांगितलं होतं ना लक्ष दे म्हणून? मोठी आहेस ना तू?"

ती काही बोलली नाही. दुपारी जेवली नाही. रात्री आज्जीच्या कुशीत शिरून म्हणाली, "मला ताई म्हणू नका."

समजतं, पण जमत नाही

त्या रात्री झोप लागेना. इंजिनिअर माणूस, त्यामुळे चूक कुठं झाली ते शोधायची सवय. पुढचे दोन दिवस जमेल तसं वाचत बसले. जे कळलं ते सोपं करून सांगते.

१९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांवर एक छोटा प्रयोग केला. मुलांना गोष्ट सांगायची. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, दुसऱ्या कपाटात. म्हणजे आपल्याला माहितीय ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. चार-पाचच्या आसपास हळूहळू ते कळायला लागतं.

आम्ही हाच खेळ दोन डबे आणि गुळाच्या खड्यावर केला. थोरलीनं बरोबर उत्तर दिलं, वर म्हणाली, "त्याला कसं माहीत असणार? तो तर बाहेर होता." धाकट्यानं गूळ खाऊन टाकला आणि प्रयोग संपला.

म्हणजे पाच वर्षांच्या पोरीला समजतं. पाणी गरम आहे हे तिला माहितीय. भावाला ते कळत नाही, हेही कळतं. आपण फसतो ते इथंच. एवढं समजतंय म्हटल्यावर आपण धरून चालतो की तिला जमतही असेल.

आता दुसरा खेळ. तुम्ही लहानपणी खेळलाच असाल, "चिमणी भुर्र." सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचं. चिमणी भुर्र म्हटलं की वर. कावळा भुर्र, वर. आणि मग हळूच "म्हैस भुर्र!" बोट उचललं की बाद. आज्जी गोधडीत बसून हा खेळ घेत होती. थोरलीला विचारा, म्हैस उडते का? ती हसेल. पण खेळात दर वेळी तिचं बोट वर जातंच. बोट वर गेल्यावर तिलाच हसू येतं.

हा गाडीच्या ब्रेकसारखा प्रकार आहे. मनात आलेली गोष्ट थांबवणं, करडं दिसली तरी नजर न हलवणं, हे काम मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं. हा भाग सगळ्यात सावकाश घडतो, अगदी विशीच्या मध्यापर्यंत. पाचव्या वर्षी ब्रेक बसवलेला असतो, पण नेमका लागेलच याचा भरवसा नाही. ती ऐकत नव्हती असं नाही. म्हैस भुर्र झालं, इतकंच.

आणि माझं काय? माझा ब्रेक तर पूर्ण तयार असायला हवा. फोन वाजला आणि माझं बोट वर गेलं. कढत पाण्याची बादली सोडून मी गेले, आणि जाब विचारला पाच वर्षांच्या पोरीला.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या बार्बरा मोरोंगिएलो यांनी लहान मुलांच्या अपघातांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या अभ्यासातून दिसतं की मोठं भावंड "लक्ष ठेवत" असताना धाकट्याला लागण्याचा धोका वाढतो. एक तर मोठ्याला धोका तितका दिसत नाही, आणि धाकटं आईचं जेवढं ऐकतं तेवढं ताईचं ऐकत नाही.

"पण आपल्याकडं तर पूर्वीपासून थोरलीच धाकट्याला सांभाळते की!" हे मीही आईला म्हणून बघितलं. आई म्हणाली, "आगं, तवा अंगणात दहा माणसं असायची. अन् तू काय लई लक्ष देत हुतीस व्हय? पाच वर्षांची असताना शेळीमागं पळालीस अन् भावाला बांधावर इसरून आलतीस. शेजारच्या म्हातारीनं आणून दिला."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मामाला विचारलं तर तो नुसता हसत बसला.

भाजलं तर काय करायचं

थंडीत हे घराघरात होतं, म्हणून नीट सांगते. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं कधीच नाही. ६० अंश सेल्सिअसचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजवतं, आणि बंबातलं पाणी त्याहून गरम असू शकतं.

भाजलंच, तर ती जागा नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायची. घड्याळ लावून. पोर रडेल, आज्जी "गारठंल त्ये" म्हणेल, तरी धरायची. बाकीचं अंग मात्र सोलापुरी चादरीत गुंडाळून ऊबदार ठेवा. कपडे, बांगड्या, वाळे लगेच काढा, कारण सूज येते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ, यातलं काहीही लावायचं नाही. स्वच्छ कापड सैल झाका. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, फोड आला असेल, किंवा भाजलेली जागा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल तर थेट डॉक्टरांकडे. जास्त असेल तर १०८ ला फोन.

घरातलं ऑन-कॉल

ऑफिसात आमच्याकडे ऑन-कॉल असतं. सर्व्हर पडला तर जबाबदार कोण, हे त्या आठवड्यापुरतं एकाच माणसाच्या नावावर असतं. "सगळे लक्ष ठेवतील" असं म्हटलं की कुणीच ठेवत नाही. घरात मोठी माणसं पाच होती आणि ड्युटी कुणाचीच नव्हती.

मग आम्ही आबांचा टॉवेल घेतला. ज्याच्या खांद्यावर टॉवेल, त्याची ड्युटी. उठायचं असेल तर टॉवेल दुसऱ्या मोठ्या माणसाच्या खांद्यावर टाकायचा आणि तोंडानं म्हणायचं, "आता तुझ्याकडं." समोरच्यानं "बरं" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. टॉवेल खांद्यावर असताना फोन खिशात. पोरांच्या खांद्यावर टॉवेल जाणार नाही.

पण थोरलीला काम हवं असतं, मदत करायला आवडतं तिला. त्यासाठी एकच कसोटी ठेवली. ती विसरली तरी कुणाला लागणार नाही, असंच काम द्यायचं. भावाचा सदरा आणणं, शेंगा निवडणं, आबांची काठी शोधणं. भाऊ सांभाळणं त्या यादीत नाही.

आणि मी तिची माफी मागितली. मांडीवर घेऊन सांगितलं, "बाळाला भाजलं ती माझी चूक होती. तुझी नाही. मी उगाच ओरडले." तिनं विचारलं, "म्हणजे मी लक्ष नाही दिलं तरी चालतं?" मी म्हणाले, "लक्ष देणं हे मोठ्यांचं काम. काही दिसलं तर मम्मी म्हणून हाक मार, बास." ती जरा वेळ बटणाशी खेळत बसली आणि म्हणाली, "मग तू फोन नको घेऊ."

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

हुरडा

जायच्या आदल्या दिवशी शेतात हुरड्याला गेलो. ज्वारीचं कणीस दाण्यात भरलेलं पण अजून कोवळं असतं, तेव्हा हुरडा होतो. गोवऱ्यांची आगटी, त्यात कणसं खोचायची, भाजली की हातावर चोळून गरम गरम दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. आगटी म्हणजे पुन्हा विस्तव. त्या दिवशी टॉवेल मामाच्या खांद्यावर होता आणि मामानं सगळ्यात शेवटी खाल्लं.

थोरली करडांच्या मागं पळत होती, अगदी लांब बांधापर्यंत. कुणी तिला हाक मारून परत बोलावलं नाही. निघताना आबांनी हाक मारली, तीही तिच्या नावानं. ती एकदम थांबली आणि वळून बघायला लागली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातल्या ताईला किंवा दादाला आज एकदा नावानं हाक मारून बघा. आणि तुम्हीच ते असाल, तर लहानपणी तुमच्यावर काय काय सोपवलं होतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवते.

काळजी घ्या. आधी गार पाणी, मग गरम. भेटू!