नाताळचे मूळ आणि शेजारचा प्रसाद

येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ३५४च्या एका रोमन पंचांगात सापडतो; त्यातली नोंद ३३६पर्यंत मागे जाते. त्याच पंचांगात हा दिवस ‘अजिंक्य सूर्या’चाही आहे. या सूर्याची राजपूजा सम्राट ऑरेलियनने २७४मध्ये सुरू केली होती. सॅटर्न देवाचा उत्सवही डिसेंबरातच येई. म्हणून चर्चने मूर्तिपूजकांचा सण उचलला, असे सर्रास सांगितले जाते. काही अभ्यासकांचे गणित वेगळे आहे: येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू दोन्ही २५ मार्चला, अशी जुनी समजूत होती, त्या तारखेपुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

प्रोटेस्टंटांमधल्या कडव्या पंथांना मात्र शंका नव्हती. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७मध्ये नाताळ रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८पर्यंत नव्हती. गंमत अशी की, मराठी मुलखात धर्मप्रसार करणाऱ्या दोन मोठ्या मिशनांची नाळ याच परंपरेशी जुळलेली होती. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या संस्थेचे. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. नव्या ख्रिस्ती माणसाला जत्रा सोडायला सांगणाऱ्यांच्या मायदेशी खुद्द नाताळच कधीकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चर्च मिशनरी सोसायटीचे काम १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रतनजी नौरोजी या पारशी धर्मांतरिताने उभे केले. मराठवाड्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने होते. गावदेवीच्या जत्रेत हलगी वाजवणे हे मांगांकडे परंपरेने आलेले काम, म्हणजे एकाच वेळी पूजेचा भाग आणि जातीने लादलेली चाकरीही. ते सोडण्यात केवळ मूर्तिपूजेचा नकार पाहणे अपुरे आहे.

दुसऱ्या धर्माचे काय ठेवावे आणि काय सोडावे, या इथल्या आणि युरोपातल्या प्रश्नातला खरा फरक शेजाराचा आहे. सॅटर्नचा उत्सव करणारे घर आज रोममध्ये नाही, त्यामुळे त्याच्या सणाचा अंश नाताळात उरला असला तरी कोणाचा गैरसमज होत नाही. गणपतीचा प्रसाद मात्र शेजारच्या घरातून, जिवंत श्रद्धेसह येतो. प्रेषित पौलापुढे करिंथमध्ये हाच पेच होता. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या ८व्या आणि १०व्या अध्यायांत तो सांगतो, की मूर्ती काही नाही, बाजारातले मांस चौकशी न करता खावे. पण ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. म्हणजे वस्तू कुठून आली यापेक्षा ती घेण्याचा अर्थ काय लावला जाईल, यावर त्याचा भर आहे. दिवाळीचा फराळ आनंदाने खाणारे काही ख्रिस्ती प्रसादाला नम्रपणे नकार देतात, ते या हिशेबाने विसंगत ठरत नाही. करंज्या, शंकरपाळे तर मराठी ख्रिस्ती घरात नाताळलाही होतातच.

कॅथलिक चर्चचा इतिहास या बाबतीत दोन्हीकडे झुकलेला आहे. पोप पहिला ग्रेगरी याने ६०१मध्ये इंग्लंडमधल्या धर्मप्रसारकांना कळवले, की देवळे पाडू नका, मूर्ती काढून तीच वास्तू वापरा. उलट गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६मध्ये काढलेल्या फर्मानाने अंगणातली तुळस, लग्नातली गाणी, धोतर यांवरही बंदी घातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारे पुन्हा फिरले आणि १९६९मध्ये भारतीय उपासनेत आरतीला परवानगी मिळाली. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेत नवस बोलणारा भाविक या परवानगीची वाट पाहत थांबला असेल, असे वाटत नाही.

प्रोटेस्टंटांमध्ये देशी रूपे स्वीकारण्याची वाट नारायण वामन टिळकांनी मोकळी केली. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेला लावले. यहोवाचे साक्षी दुसऱ्या टोकाला आहेत. मूळ मूर्तिपूजकांचे म्हणून ते नाताळ पाळत नाहीत आणि वाढदिवसही करत नाहीत. मंगळसूत्राचा निवाडा अजून एकसारखा नाही: काही मंडळ्यांत क्रुसाचे पदक ओवलेले मंगळसूत्र लग्नविधीत आशीर्वाद देऊन घातले जाते, तर काही मंडळ्या केवळ अंगठीच मान्य करतात.