दारावरचे कोडे

गोदावरीच्या उगमापाशी वसलेल्या त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. गावापर्यंत लोहमार्ग नाही. आगगाडीने येणारे यात्रेकरू नाशिक रोड स्थानकावर उतरतात. अशा यात्रेच्या दिवसांत तिकिटे थोडी आणि मागणारे फार, अशी स्थिती होते.

तिकीट आता घरबसल्या संगणकावरून काढता येते. पण त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली. सामान्य प्रवासी आपले नाव, वय लिहीत असतो, तोच एखाद्या लबाड दलालाची संगणकीय आज्ञावली पळभरात अनेक तिकिटे बळकावते. रांगेतला माणूस मागे आणि यंत्र पुढे! हे टाळावे म्हणून रेल्वेच्या संकेतस्थळावर प्रवाशास वेडीवाकडी अक्षरे असलेले एक चित्र दाखवतात. ती अक्षरे ओळखून लिहिली, तरच दार उघडते. या कोड्यास ‘कॅप्चा’ म्हणतात. हे नाव सन २००० च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन इत्यादी संशोधकांनी रूढ केले.

कोडे माणसाला सोपे आणि यंत्राला अवघड हवे. ते रचायचे कसे? सुटे अक्षर ओळखण्यास यंत्र लवकर शिकते. परंतु एक अक्षर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे ठरवताना ते गोंधळत असे. म्हणून रचनाकार अक्षरे वाकवीत, एकमेकांना चिकटवीत, त्यांवरून रेघा ओढीत. चिखलाने अर्धी माखलेली ‘ब्रह्मगिरी’ ही पाटी वाटसरू सहज वाचतो, कारण त्याची दृष्टी तुटक खुणांतून अख्खा शब्द जुळवते. माणसाच्या या शक्तीवरच कोड्याची सारी भिस्त होती.

पुढे यंत्रेही शिकली. आपली आज्ञावली अतिशय विकृत अक्षरेही शंभरात नव्याण्णवांहून अधिक वेळा अचूक वाचते, असे २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले. मग अक्षरांऐवजी सिग्नल, बस अशी छायाचित्रे निवडावयास सांगण्याची रीत वाढली. तत्काळ तिकिटांसाठी तर रेल्वेने जुलै २०२५ पासून आधार क्रमांकाची पडताळणीही आवश्यक केली.

कोडे अधिकाधिक कठीण करीत जावे, तर माणसेच अडखळतात. दृष्टिहीन व्यक्तीला तर चित्र दिसतच नाही. खरा प्रवासी असूनही ती दाराबाहेर राहते. तिच्यासाठी ऐकून सोडवण्याचे कोडे किंवा दुसरी एखादी वाट ठेवणे अगत्याचे असते. पहारेकऱ्याने किती तोतये अडवले, एवढेच पाहून भागत नाही. घरच्या माणसाला त्याने आत घेतले की नाही, हेही पाहावे लागते.